बिट्वीन टेन 'टू' ट्वेल्व्ह? – इंग्रजीतल्या जोडीजोडीने येणाऱ्या प्रेपोझिशन्स

कोकमसार
काल ऑफिसात एक बारीकसा किस्सा झाला आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय, म्हणून धागा काढतेय. इंग्लंडमधल्या लीड्सच्या क्लायंटला मेल लिहीत होते, 'आय अ‍ॅम अव्हेलेबल बिट्वीन टेन टू ट्वेल्व्ह'. शेजारी नवीन लागलेली मुलगी बसते, जेमतेम बावीस वर्षांची, ती हळूच म्हणाली, मॅडम, बिट्वीन असेल तर पुढे अँड येतं ना? मी आपलं हो हो टायपो झाला म्हणून वेळ मारून नेली. मग जेवायच्या सुट्टीत सेंट फोल्डर उघडून बिट्वीन सर्च केलं, तर पहिल्या पानावर जितक्या मेल दिसल्या त्या सगळ्यांत टू!! अकरा वर्षं नोकरी झाली, एकाही माणसाने टोकलं नाही.

तर प्रश्न असा की अशा जोड्या अजून कोणत्या आहेत, म्हणजे एक लिहिली की दुसरी ठरलेलीच, आणि आपण मराठी माणसं नेमकी तिथेच का घसरतो? जाणकारांनी प्रकाश टाकावा. कुणी शाळामास्तरासारखं ओरडलं तरी चालेल, सवय आहे.

पावशेर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शंभरी गाठणार हा धागा.

गुरुजी_निवृत्त
कोकमसारताई, चूक तुमची नाही, 'ते'ची आहे.

मराठीत आपण काय म्हणतो बघा, 'मी १० ते १२ च्या दरम्यान येतो'. यात 'ते' पण आहे आणि 'दरम्यान' पण आहे आणि हे शंभर टक्के शुद्ध मराठी आहे. आता याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं तर दरम्यानचं बिट्वीन, ते चं टू, झालं 'बिट्वीन टेन टू ट्वेल्व्ह'. हिंदीत पण 'दस से बारह के बीच' असंच असल्यामुळे ही चूक अख्ख्या भारतात एकसारखी होते आणि एकसारखी झाली की ती चूक वाटतच नाही.

इंग्रजीत मात्र या दोन वेगळ्या गाड्या आहेत. 'फ्रॉम' निघतं आणि 'टू'ला पोचतं, तो प्रवास आहे. 'बिट्वीन'मध्ये प्रवास नाही, दोन खुंट्या आहेत आणि मधली जागा आहे, म्हणून त्या दोन खुंट्या 'अँड'ने जोडायच्या. बिट्वीन यू अँड मी म्हणताना आपण कुणी बिट्वीन यू टू मी म्हणतो का? नाही. आकडे आले की मात्र जीभ घसरते, कारण आकड्यांच्या मध्ये आपल्याला 'ते' ऐकू येतं.

आम्ही पाचवीपासून इंग्रजी शिकलो, २००० पासून पोरं पहिलीपासून शिकतायत, पण ही चूक दोन्हीकडे सारखीच. वर्गात मी एकच सांगायचो, बिट्वीन लिहिलं की लगेच पुढे अँड लिहून ठेवा आणि मग मधली जागा भरा. गेल्या पाच वर्षांपासून चं 'फ्रॉम लास्ट फाइव्ह इयर्स' हे याचंच चुलत भावंड, 'पासून' दिसलं की हात आपोआप फ्रॉमवर जातो. तिथे 'फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स'.

आजोळ
पण अर्थ कळतो ना समोरच्याला? मग एवढं काय. गोऱ्यांना आपलं मराठी किती शुद्ध येतं?

धुक्यातला
@आजोळ, बऱ्याचदा कळतो, पण नेहमी नाही. माझा अनुभव सांगतो. मी न्यू जर्सीत नवीन होतो तेव्हा सुट्टीचा मेल टाकला, 'ऑन लीव्ह फ्रॉम ट्वेल्थ टू सिक्स्टीन्थ'. माझ्या डोक्यात सोळा तारखेचीही सुट्टी, सतराला हजर. मॅनेजरने धरलं की सोळाला हा येणार, आणि सोळाला सकाळी नऊची मीटिंग लावली. मी त्या वेळी नायगाऱ्याला रेनकोट घालून धबधब्यासमोर उभा, फोन पिशवीत.

नंतर कळलं की इकडे शेवटचा दिवसही धरायचा असेल तर 'थ्रू' म्हणतात, मंडे थ्रू फ्रायडे म्हणजे शुक्रवारसकट. ब्रिटिश लोक मंडे टू फ्रायडे म्हणतात आणि गरज पडली तर शेवटी इन्क्लूझिव्ह जोडतात. आता मी सरळ लिहितो, बॅक ऑन सेव्हन्टीन्थ. सगळी भानगडच संपली.

पावशेर
नायगारा भिजवून गेला आणि मॅनेजर कोरडे ओढून गेला :)

खिडकीची_सीट
भाषांतराचं काम करते, त्यामुळे या विषयावर बोलायचं झालं तर रात्र जाईल. गुरुजींनी फ्रॉम-टू आणि बिट्वीन-अँड सांगितलं, त्यात एवढीच भर की मध्ये आडवी रेघ मारणार असाल तर आधी फ्रॉम लिहू नका. 'फ्रॉम १९९५–२०००' हे अर्धं शब्दांत अर्धं चिन्हांत झालं, एक तर 'फ्रॉम १९९५ टू २०००' नाहीतर नुसतं कंसात '१९९५–२०००'.

पण मला जास्त छळणारी जोडी वेगळीच आहे. दोन प्रेपोझिशन्स आणि नाम मात्र एकच, दोघांत वाटून घेतलेलं. उदा. 'शी इज फॉण्ड ऑफ अँड इंटरेस्टेड इन म्युझिक'. इथे ऑफचा आणि इनचा मालक एकच, म्युझिक. आपल्याकडचे लोक हे वाक्य 'फॉण्ड अँड इंटरेस्टेड इन म्युझिक' असं लिहितात, म्हणजे ऑफ गाळून टाकतात आणि मग फॉण्ड बिचारा इनला लटकतो. बँकेच्या परीक्षांत 'चूक शोधा'मध्ये हे हमखास येतं. नियम काय, तर दोघांची प्रेपोझिशन एकच असेल तर एकदा लिहा ('इंटरेस्टेड अँड ट्रेन्ड इन म्युझिक' चालेल, कारण दोघांनाही इनच लागतं), वेगळी असेल तर दोन्ही लिहा.

आता गंमत म्हणजे हे वाक्य मराठीत आणायचं तर संगीत दोनदा आणावं लागतं, नाहीतर सर्वनाम तरी. 'तिला संगीताची आवड आहे आणि त्यात रसही आहे'. 'संगीताची आणि त रस' असं तर लिहिता येणार नाही! आपले प्रत्यय नामाला असे डिंकासारखे चिकटलेले असतात की त्यांना उचलून 'आणि'च्या दोन बाजूंना ठेवताच येत नाही.

गुरुजी_निवृत्त
@खिडकीची_सीट, बरोबर, पण एक दुरुस्ती. विभक्तीचे प्रत्यय सुटत नाहीत, पण शब्दयोगी अव्ययं सुटतात. 'शाळेच्या आत आणि बाहेर', 'घराच्या पुढे आणि मागे', 'निवडणुकीच्या आधी आणि नंतर'. इथे नाम एक, शब्दयोगी दोन, अगदी तुमच्या इंग्रजी जोडीसारखं. 'इनसाइड अँड आउटसाइड द स्कूल', 'बिफोर अँड आफ्टर द इलेक्शन'. म्हणजे कल्पना आपल्याला परकी नाही, ती फक्त सुट्या शब्दांपुरती आहे.

खिडकीची_सीट
मान्य, मान्य. हे लक्षातच आलं नव्हतं. पण 'विथ ऑर विदाउट शुगर'ला मात्र आपण तिसरीच वाट काढतो, 'साखरेचा की बिनसाखरेचा'. एक शेपटी मागे, एक शिंग पुढे.

शेवगा
माझा पण एक राग इथे काढते. मुलगी सहावीत आहे, निबंध होता घरातल्या प्राण्यावर. तिने लिहिलं, 'द कॅट केम आउट फ्रॉम अंडर द कॉट'. शाळेत 'फ्रॉम'वर लाल रेघ, वर शेरा की दोन प्रेपोझिशन्स एकापुढे एक येत नाहीत. मला वाटलं चुकलं असेल पण मग मांजर कुठून आली हे कसं सांगायचं? 'केम आउट अंडर द कॉट' म्हणजे खाटेखालीच कुठेतरी उगवली असं होतं.

खिडकीची_सीट
मुलीचं बरोबर आहे, तिला माझ्याकडून चॉकलेट. फ्रॉम अंडर, फ्रॉम बिहाइंड, फ्रॉम अक्रॉस द रोड, फ्रॉम अमंग हे सगळं शुद्ध आहे. आणि मराठी माणसाला तर हे सगळ्यात सोपं जायला हवं कारण आपण दिवसभर हेच करतो, फक्त आपल्याला दिसत नाही. 'खाटेखालून' फोडा बघू. खाली अधिक ऊन. खाली म्हणजे अंडर, ऊन म्हणजे फ्रॉम. मागून म्हणजे फ्रॉम बिहाइंड. पलीकडून, आतून, बाहेरून, सगळे तसेच. इंग्रजीत आधी फ्रॉम मग अंडर, आपल्याकडे आधी खाली मग ऊन, आरशात बघितल्यासारखं उलटं.

दोन ठिकाणी मात्र इंग्रजीने ठरीव माल तयार ठेवलाय. 'वरून'ला ती फ्रॉम ऑन म्हणत बसत नाही, 'ऑफ' म्हणते, आणि 'कपाटातून'ला 'आउट ऑफ'. आणि जाताना 'इन्टू', 'ऑन्टू'. आपल्याकडे पाण्यात पोहला आणि पाण्यात पडला, दोन्हीकडे 'त'च, म्हणून आपण 'फेल इन द वॉटर' लिहितो आणि इन्टूचा टू घरीच राहतो. हे काही फार मोठं पाप नाही, इंग्रजही बोलताना असं म्हणतात.

शेवगा
थँक्यू थँक्यू! 'खाली अधिक ऊन' वहीत लिहून पाठवते. बाईंना राग आला तर आला. (मांजर खरीच आहे, नाव भोपळा, आणि खाटेखालून येताना तोंडात झुरळ होतं, पण ते निबंधात नाही घातलं.)

धुक्यातला
भोपळ्यावरून आठवलं. इंग्रजीत एका क्रियापदावर कितीही प्रेपोझिशन्सचे डबे लावता येतात. 'द कॅट रॅन फ्रॉम अंडर द कॉट, अक्रॉस द हॉल, इन्टू द किचन'. क्रियापद एकच, रॅन. मराठीत प्रयत्न करा: 'मांजर खाटेखालून निघालं, हॉल ओलांडून स्वयंपाकघरात शिरलं'. निघणं, ओलांडणं, शिरणं, तीन क्रियापदं लागली, आणि पळालं कुठे गेलं? ते घालायचं तर 'पळत' म्हणून वेगळं चिकटवायला लागतं. लिओनार्ड टाल्मी नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या भाषांची यावरूनच वाटणी केली आहे, काही भाषा वाट क्रियापदात सांगतात, काही क्रियापदाबाहेरच्या छोट्या शब्दांत. इंग्रजी दुसऱ्या गटातली. म्हणून आपलं इंग्रजी कधीकधी 'क्रॉस्ड द हॉल अँड एंटर्ड द किचन' असं पोलीस पंचनाम्यासारखं होतं. चूक काहीच नाही त्यात, पण पंचनामा तो पंचनामाच.

पावशेर
सदर मांजर घटनास्थळी दाखल झाले.

कंसातला_कंस
उशिरा आलो पण राहवलं नाही. प्रोग्रामर आहे, भाषेवर थोडं काम केलंय, आणि या विषयातलं सगळ्यात भारी वाक्य अजून कुणी टाकलंच नाही:

'पुट द ब्लॉक इन द बॉक्स ऑन द टेबल.'

दोन प्रेपोझिशनल फ्रेजेस ('इन द बॉक्स' आणि 'ऑन द टेबल') एकामागे एक. अर्थ दोन. कोणते ते मराठीत लगेच दिसतं:

१. टेबलावरच्या डब्यात ठोकळा ठेव.
२. डब्यातला ठोकळा टेबलावर ठेव.

पहिल्यात डबा टेबलावर आहे, दुसऱ्यात ठोकळा डब्यात आहे. इंग्रजी वाक्यात एक अक्षरही न बदलता दोन्ही अर्थ निघतात. १९८२ मध्ये केनेथ चर्च आणि रमेश पाटील यांनी याच वाक्यावर एक गाजलेला पेपर लिहिला. त्यांचं म्हणणं असं की अशा फ्रेजेस वाढत गेल्या की कुठली कुणाला जोडायची याचे पर्याय कॅटलन संख्या नावाच्या गणितातल्या भराभर वाढणाऱ्या मालिकेच्या हिशोबाने फुगतात. साधं 'आय सॉ द मॅन'च्या पुढे एक फ्रेज लावली ('ऑन द हिल') तर २ पर्याय, दोन लावल्या ('विथ अ टेलिस्कोप') तर ५, तीन लावल्या तर १४, चार लावल्या तर ४२. माणसाला त्यातले बरेचसे डोक्यातही येत नाहीत, कॉम्प्युटर मात्र ४२ च्या ४२ समोर मांडून बसतो.

आणि मराठीत हा गोंधळ जवळजवळ होत नाही, त्याचं कारण एक टीचभर प्रत्यय. 'टेकडीवर' आणि 'टेकडीवरचा'. 'टेकडीवर माणूस पाहिला' म्हणजे पाहायची क्रिया टेकडीवर, 'टेकडीवरचा माणूस पाहिला' म्हणजे माणूस टेकडीवर. हा चा-ची-चे, ला-ली-ले लावला की ती फ्रेज नामाच्या गळ्यात पडते, नाही लावला की क्रियापदाकडे जाते. इंग्रजीत अशी खूणच नाही, नुसती शेजारी ठेवतात आणि वाचणाऱ्याच्या अकलेवर सोडतात.

पावशेर
पाटील म्हटल्यावर ठोकळा टेबलावर ठेवणारच.

गुरुजी_निवृत्त
@कंसातला_कंस, दंडवत घ्या. चाळीस वर्षं 'चा' हा षष्ठीचा प्रत्यय म्हणून शिकवला, पण तो असा वाहतूक पोलीस आहे हे डोक्यात आलं नव्हतं.

याला जोडून क्रमाचं. इंग्रजीत लहानाकडून मोठ्याकडे जातात: 'इन अ फ्लॅट ऑन द थर्ड फ्लोअर ऑफ अ बिल्डिंग निअर द स्टेशन इन ठाणे'. आपण बोलताना मोठ्याकडून लहानाकडे: 'ठाण्यात स्टेशनजवळच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये'. पुन्हा तोच आरसा. पाकिटावर मात्र मु. पो., मग ता., मग जि. असं लहानाकडूनच लिहितो, म्हणजे तोंडी पत्ता एक दिशेने आणि लेखी दुसऱ्या. पोरांना भाषांतराला असं वाक्य आलं की मी सांगायचो, शेवटून वाचत या.

आजोळ
बरं, आता मलाही मजा यायला लागली, मगाचचं बोलणं मागे घेतो. फ्रॉम-टूच्या त्या ठरलेल्या जोड्यांचं काय? फ्रॉम डोअर टू डोअर, फ्रॉम टाइम टू टाइम. यात 'द' का नसतो? एरवी 'द' गाळला तर मार्क जातात.

खिडकीची_सीट
कारण तिथे दार हे ते अमुक दार राहिलंच नाही. फ्रॉम हेड टू टो, फ्रॉम टॉप टू बॉटम, फ्रॉम बिगिनिंग टू एंड, जोडी झाली की नामं आपलं वजन टाकून देतात आणि दोन्ही मिळून एकच क्रियाविशेषण होतं. आपण त्याला अख्खा एक शब्दच बनवतो. दारोदार, नखशिखांत. 'अथपासून इतिपर्यंत' मध्ये तर जोडी जशीच्या तशी आहे. 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन इन्टू द फायर' आणि आपलं 'आगीतून फुफाट्यात', दोन्हीकडे बाहेर-आत अशी जोडी, फक्त ते आगीत संपवतात आणि आपण आगीतून सुरू करतो. 'फ्रॉम हँड टू माउथ'ला मात्र आपलं 'हातावर पोट' आहे, तिथे एकाच 'वर'मध्ये काम भागलं.

आणि 'डे'च्या जोड्या लोक सर्रास एकमेकींच्या जागी वापरतात. डे बाय डे म्हणजे दिवसेंदिवस, हळूहळू काहीतरी बदलतंय. डे आफ्टर डे म्हणजे दिवसामागून दिवस, तेच ते, कंटाळा आलाय. डे टू डे म्हणजे रोजचं, दैनंदिन. 'माय हेल्थ इज इम्प्रूव्हिंग डे आफ्टर डे' लिहिलं की तब्येत सुधारतेय याचाच वैताग आल्यासारखं वाटतं. स्टेप बाय स्टेपला 'पावलोपावली' लिहिणारेही पाहिलेत, ते चूक, पावलोपावली म्हणजे अ‍ॅट एव्हरी स्टेप.

धुक्यातला
रच्याकने, 'रच्याकने' (रस्त्याच्या कडेने) ही पण प्रेपोझिशनल फ्रेजच की, बाय द वे.

आजोळ
खिक्. आणि लिंकनचं ते? ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल?

खिडकीची_सीट
ते मुद्दाम केलेलं आहे. १८६३ चं गेटिसबर्गचं भाषण. खिडकीची सीटच्या नियमाने (हेहे) 'ऑफ, बाय अँड फॉर द पीपल' एवढ्यात काम झालं असतं, आणि व्याकरणाने अगदी बरोबर. पण ते सरकारी जीआर वाटलं असतं. त्याने पीपल तीनदा म्हटलं म्हणून कानात राहिलं. आणि मराठीत तर पर्यायच नाही, 'लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी', प्रत्येक शेपटीला लोक हवेतच. इंग्रजीत निवड आहे म्हणून ती केल्याचं दिसतं.

निवडीवरून शेवटचं एक टाकते. 'बोथ इन पुणे अँड मुंबई' लिहू नका. बोथच्या पुढे जे आलं तेच अँडच्या पुढे यायला हवं. एक तर 'बोथ इन पुणे अँड इन मुंबई' नाहीतर 'इन बोथ पुणे अँड मुंबई'. आयदर-ऑर, नॉट ओन्ली-बट ऑल्सो, सगळ्यांना हेच. आपल्याकडे उलट लोक आता इंग्रजीच्या नादाने 'मुलगा आणि मुलीला बोलवा' म्हणायला लागलेत. मुलगा आणि मुलीला? अरे मुलाला आणि मुलीला!

गुरुजी_निवृत्त
+१. शेवटच्या वाक्याला +१००.

कोकमसार
बापरे, एका 'अँड'वरून कुठे गेलात सगळे! सगळं वाचलं, ठोकळ्याचं वाक्य नवऱ्याला ऐकवलं, त्याने ठोकळा डब्यातच ठेवला.

अपडेट द्यायला आलेय. आज त्याच क्लायंटला पुन्हा मेल होती. दोन मिनिटं विचार करून, त्या मुलीला दाखवून, नीट लिहिलं, 'आय विल बी अव्हेलेबल फ्रॉम टेन टू ट्वेल्व्ह ऑन थर्सडे'. तीही म्हणाली परफेक्ट मॅडम. पाच मिनिटांत लीड्सहून एका ओळीचं उत्तर आलं: 'युअर टाइम ऑर अवर्स?'

पावशेर
बिट्वीन युअर्स टू अवर्स म्हणून कळव.